वर्ग न बघता बीएड झालेल्यांनो, जरा इकडे या (२०२०-२१ ची इंटर्नशिप)

सड्यावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते, लांबलं तर समजून घ्या.

मी २०१९-२१ बॅचची, बीएड, विज्ञान मेथड (म्हणजे विज्ञान कसं शिकवायचं तो विषय). कॉलेज रत्नागिरीला, गाव राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला. २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमधून (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, सहावी ते आठवीला शिकवते. तर सोमवारपासून आमच्या शाळेत चार छात्राध्यापक (बीएड करणारे विद्यार्थी) इंटर्नशिपला येतायत आणि मुख्याध्यापकांनी त्यातल्या दोघींसाठी मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझं नाव दिलंय. हे कळल्यापासून नीट झोप नाही. माझी स्वतःची इंटर्नशिप एका पडवीत झाली हो. समोर एकही मूल नव्हतं. मी या मुलींना काय दाखवणार?

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन (पाच-सहा मिनिटांचे सराव पाठ) झालं, जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये खऱ्या शाळेत सहा पाठ झाले आणि मार्चच्या मध्यावर शाळा-कॉलेजं बंद. चार दिवसांचे कपडे घेऊन घरी आले. फायली, तक्ते, पाठ टाचणाच्या (पाठाच्या आखणीच्या) वह्या सगळं होस्टेलच्या कपाटात. ते कपाट उघडलं तेव्हा एक अख्खा पावसाळा गेला होता, तक्त्यांवर हिरवी-काळी बुरशी, पचनसंस्थेचा तक्ता तर हातात घेतल्यावर फाटला.

दुसऱ्या वर्षी खरी मोठी इंटर्नशिप असते, ती सगळी ऑनलाईन. आमच्या पडवीत जुन्या कपाटाचं दार होतं, त्याला काळा रंग मारून भावाने फळा करून दिला. फोन भाताच्या पिंपावर ठेवायचा, मागे दोन विटा. घराला पुढच्या बाजूने पत्रे, जुलैत पाऊस लागला की पत्र्यावर एवढा आवाज की माझंच मला ऐकू यायचं नाही, मग पावसाने जरा उघडीप दिली की पळत जायचं आणि रेकॉर्ड करायचं, कधी पहाटे पाचला कधी रात्री अकराला. व्हिडिओ झाला की तो पाठवायला छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कारण घरात रेंजची एक काडी पण नाही. कातळावर उभं राहून त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायचं. ४० एमबीला कधी पाऊण तास.

आणि समोरून काय यायचं? अंगठा. फार तर "हो मॅडम". कळलं का विचारलं की सगळे "हो मॅडम".

शाळा उघडल्यावर पहिल्यांदा खऱ्या वर्गात उभी राहिले तेव्हा हातात डिग्री होती आणि माझा आवाज तिसऱ्या बाकापुढे पोचत नव्हता. फळ्यावरची ओळ चढत चढत वर जायची. एका पाठाला किती वेळ लागतो याचा अंदाज नव्हता, ३५ मिनिटांचं टाचण १५ मिनिटांत संपवून मी उभी. चाळीस डोळे माझ्याकडे. ती वीस मिनिटं कशी गेली ते मला अजून आठवतं.

तर त्या काळात छात्राध्यापक असलेल्यांनी, त्यांना शिकवणाऱ्यांनी, ज्यांच्या शाळेत आम्ही "आलो" त्यांनी लिहा. नुसतं दुःख नको, मला सोमवारी उपयोगी पडेल असंही काहीतरी सांगा.

लाल_चिरा

वाचून अंगावर काटा आला ताई. मी पण तीच बॅच, मराठी मेथड, सिंधुदुर्गात. सविस्तर लिहितो रात्री.

अबोली_७

ते "हो मॅडम" अगदी अगदी. मी एकदा मुद्दाम फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, बघू कोणी बोलतंय का, आणि विचारलं कळलं का. एकोणीस जणांचं "हो मॅडम". त्या दिवशी फोन बंद करून रडले.

सुपारीबाग

मी डीएलएडचा (प्राथमिक शिक्षकांची पदविका), दुसरं वर्ष होतं. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत घर. आमच्याकडे गोष्ट ऑनलाईनपासून सुरूच होत नाही, ती ३ जून २०२० पासून सुरू होते. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वर आलं आणि मंडणगड, दापोली सगळं झोडपून गेलं. दुपारी दोन-तीन तास काय तो वारा. आमची सुपारीची बाग, आजोबांनी लावलेली, संध्याकाळी पाहिली तर काड्यांच्या पेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी आडवी. घराची अर्धी कौलं उडालेली. लाईट किती आठवडे नव्हती, टॉवर पण मेलेले. बाजारात एकाने जनरेटर लावून मोबाईल चार्ज करून द्यायला सुरुवात केली, तिथे लायनीत उभं राहायचं, आणि चार्ज झाला तरी रेंज कुठाय.

तेव्हाच कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडला होता की सगळ्यांनी ऑनलाईन हजेरी लावावी, अनुपस्थितांची नावं वर कळवली जातील. मला तो मेसेज पंधरावीस दिवसांनी दिसला. कोणाला दोष देत नाही, लिहिणाऱ्या मॅडमना आमच्याकडची कल्पना नसेल. पण त्यानंतर मी एक गोष्ट कायमची शिकलो. वर्गात पोरगं गैरहजर असलं की वहीत अ लिहायच्या आधी त्याच्या वाडीत फोन करतो. नाहीतर मधल्या सुट्टीत शेजारच्या पोराला विचारतो. कोकणात पोरगं शाळेत आलं नाही याला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) वाहून गेला इतकं साधं कारण असू शकतं.

सड्यावरची

@सुपारीबाग तुमची बाग आता कशी आहे?

सुपारीबाग

नवीन लावलीय. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, थोडी थोडी आता धरतेय.

मेथडच्या_बाई

मी त्या वेळी एका बीएड कॉलेजात शिकवत होते, अजूनही शिकवते. आमच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

आधी हे समजून घ्या की काय हातचं गेलं. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं, एनसीटीईच्या (शिक्षक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमावलीत शाळेतली इंटर्नशिप २० आठवड्यांची केली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हे आठवडे नुसते पाठ घेण्यासाठी नाहीत. परिपाठाला उभं राहणं, हजेरीपत्रक भरणं, खिचडी वाटताना रांग लावणं, भांडण सोडवणं, पालक चिडून आला तर मुख्याध्यापक कसं बोलतात ते बाजूला उभं राहून ऐकणं, हे सगळं त्यात येतं. २०२०-२१ च्या बॅचला यातलं काही मिळालं नाही, फक्त पाठ उरले.

आणि पाठही कसे? सूक्ष्म अध्यापनाचं चक्र तुम्हाला आठवत असेल, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा आखणी, मग ६ मिनिटं दुसऱ्या गटावर तोच पाठ आणि परत ६ मिनिटं प्रत्याभरण, एकूण ३६. याचा जीव त्या पहिल्या सहा मिनिटांतल्या चुकीत असतो. चूक सगळ्यांसमोर होते, ती ऐकून घ्यायची, बारा मिनिटं विचार करायचा, परत उभं राहायचं. व्हिडिओवर काय झालं तर चूक दिसली की पुसली. माझ्याकडे एका मुलीचा सज्जता प्रवर्तनाचा (पाठाची सुरुवात करून देण्याच्या कौशल्याचा) पाठ आला, इतका गुळगुळीत की मी विचारलं किती वेळा केलास, ती म्हणाली मॅडम चौदा वेळा. तो पाठ नव्हता, ते शूटिंग होतं. आणि मी त्याला चांगले गुण दिले, कारण निरीक्षण तक्त्यात "पुनरावृत्तीची संख्या" असा रकानाच नव्हता. आजही मला ते टोचतं.

आम्हालाही कोणी शिकवलं नव्हतं. मी पंचवीस वर्षं खडू धरलेली बाई, झूमवर ४० मिनिटं झाली की मीटिंग आपोआप तुटायची, त्यातली पहिली दहा "आवाज येतोय का" मध्ये जायची. विद्यार्थीच मला फोन करून सांगायचे मॅडम म्यूट काढा. त्यांच्या सबुरीचं मला आजही कौतुक वाटतं.

पायवाट

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आपण सगळे ऑनलाईनला शिव्या देतोय पण आमच्या शाळेत तेव्हा छात्राध्यापक नसते तर त्या वर्षी काहीच चाललं नसतं.

मी शिक्षक, निवृत्त झालो आता. २०२० ला आमच्यापैकी कितीतरी जणांच्या ड्युट्या लागल्या. कोण खारेपाटणच्या नाक्यावर, कोण कशेडीला, मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या नोंदी करायला. शाळेच्या खोल्यांत चाकरमानी क्वारंटाईन. आमच्या सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून चार कुटुंबं राहिली, गणपतीच्या आधी तर जागा पुरेना. सप्टेंबरात "माझे कुटुंब माझी जबाबदारी" आलं, घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरायचं. मग शिकवणार कधी? एससीईआरटीची (राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) "शाळा बंद पण शिक्षण आहे" ची रोजची लिंक ग्रुपवर पुढे ढकलायची, एवढंच हातात होतं. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, ज्यांच्याकडे टीव्ही त्यांना ते बरं पडलं.

अशात कॉलेजने आम्हाला तीन छात्राध्यापक "ऑनलाईन" दिले. त्यातली एक मुलगी बाजूच्याच गावची निघाली. तिने आठ दिवसांत सांगितलं, सर, ३१ पैकी ११ मुलंच ग्रुपवर आहेत, बाकीच्यांचं काय? पोषण आहाराचे तांदूळ-डाळ आम्ही तेव्हा पालकांना बोलावून वाटत होतो. ती म्हणाली तांदळाच्या पिशवीत कागद टाकू. घरी बसून हाताने स्वाध्याय लिहायची, वीस प्रती झेरॉक्स, स्वतःच्या पैशाने, मी नंतर दिले. पुढच्या वाटपाला पालकांनी तेच कागद भरून आणायचे. काही कागद आमटीचे डाग पडलेले, एक उंदराने कुरतडलेला, पण वीस पैकी सतरा परत आले. हे तिच्या कुठल्याही फाईलमध्ये नाही, गुण पडले ते व्हिडिओला.

काजूगर

मला पण दुसरी बाजू लिहायचीय. माझं लग्न झालेलं, मुलगी सात महिन्यांची, सासर लांज्याच्या आतल्या गावात. पहिल्या वर्षी सकाळी सहाची एसटी आणि संध्याकाळी सातला घरी, दूध आटलं होतं माझं. कॉलेज सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. लॉकडाऊन आला आणि घरात बसून दुसरं वर्ष पूर्ण झालं. मुलगी मांडीवर घेऊन मी लेक्चर ऐकलीत. परीक्षाही घरातूनच, मोबाईलवर, पर्यायी प्रश्नांची. आज मी नोकरी करते ती त्या ऑनलाईनमुळे. त्यामुळे "ते सगळं वाईटच होतं" असं कोणी म्हटलं की मला बोलवत नाही.

पण हेही खरं, की घरात बसलेली सून शिकतेय हे कोणाला दिसत नाही. लाईव्ह पाठ चालू असताना मागून हाक यायची, जरा भाकऱ्या टाक. निरीक्षक मॅडम स्क्रीनवर, मी म्हणायचे एक मिनिट मॅडम रेंज गेली. रेंज गेली नव्हती. तवा तापला होता.

अबोली_७

@काजूगर 🙏 तवा तापला होता हे मी विसरणार नाही.

लाल_चिरा

आलो. लिहितो म्हटलेलं.

माझी शाळा मालवणकडची, मच्छीमार वस्तीतली. जूनअखेर ग्रुप सुरू केला, सहावी, २६ मुलं, पहिल्या महिन्यात बऱ्यापैकी उत्तरं यायची, २०-२२ मुलं तरी रोज दिसायची. मी खूश. मेथड मास्तरांना अहवाल पाठवला, प्रतिसाद उत्तम. मग ऑगस्ट लागला आणि धाडकन सात-आठवर आलं. मला वाटलं माझं शिकवणं कंटाळवाणं झालं. दोन रात्री टाचण बदलत बसलो, गोष्टी घाल, चित्रं घाल, काही फरक नाही. शेवटी एका आईला फोन लावला तर ती म्हणाली, "बापूस फोन घेऊन गेलोहा, रातीक इलो काय देतंय पोराक."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. बंदीत बापूस घरी होता म्हणून फोन घरी होता. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, फोन दर्यात गेला. मी त्याच गावाशेजारी वाढलेला माणूस, आणि मला हे सुचलं नव्हतं. मी तास सकाळी १० चा रात्री साडेआठला नेला. कॉलेजने आधी मान्य केलं नाही, शालेय वेळेतच पाठ हवा म्हणून. मग मी वेळापत्रकासाठी एक पाठ सकाळी घ्यायचो, तीन-चार मुलं, आणि खरा पाठ रात्री. रात्रीचा कुठे नोंदला नाही.

रात्रीच्या तासाला कधी कधी बापूसपण ऐकायचे. कवितेत वारा आला की एक जण मागून म्हणायचा हा कुठला वारा, वरचा की खालचा? मग मी त्यांनाच विचारलं सांगा तुम्ही. त्या माणसाने पोरांना दहा मिनिटं वाऱ्यांची नावं सांगितली. पालकाला वर्गात बोलतं करायचं हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, ते त्या रात्री झालं. आजही मी वर्षातून दोनदा पालकांना वर्गात बोलावतो शिकवायला.

मेथडच्या_बाई

@लाल_चिरा हे तुम्ही तेव्हा अहवालात का लिहिलं नाहीत हो? आम्हाला वाचायला मिळायला हवं होतं.

लाल_चिरा

मॅडम, अहवालाचा नमुना ठरलेला होता. त्यात दिनांक, घटक, उपस्थिती, लिंक. बापूससाठी जागा नव्हती.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण. २०२०-२२ बॅच. आमची तर सीईटीच लांबली, प्रवेश उशिरा, पहिलं सेमिस्टर पूर्ण मोबाईलवर. २२ जुलै २०२१ ला पूर आला त्यात तळमजला बुडाला, लॅपटॉप, फायली, सगळ्या टाचणवह्या गेल्या. गाळ उपसून झाल्यावर कॉलेजने पुन्हा फायली मागितल्या नाहीत, ग्रुपवरचे जुने फोटो ग्राह्य धरले. त्या सरांचे उपकार आहेत. एवढंच लिहायचं होतं.

खाडीपल्याड

सड्यावरची ताई, तुमचा मूळ प्रश्न राहिला की. सोमवारी काय द्यायचं. विज्ञानाचं ऑनलाईन तुम्ही काय केलंत ते पण लिहा ना, प्रयोग कसे घेतलेत?

सड्यावरची

सगळं वाचतेय, दोनदा दोनदा वाचतेय. काजूगर, लाल चिरा, पायवाट सर, काय बोलू.

प्रयोगाचं विचारलंत म्हणून. आठवीचा आम्ल-आम्लारीचा पाठ माझ्याकडे आला. पहिल्यांदा मी व्हिडिओत लिटमसचं चित्र दाखवलं. अंगठे आले. मग वाटलं लिटमस कशाला पाहिजे, सगळ्यांच्या घरी हळद आहे, दारात जास्वंद आहे, फडताळात आमसूल आहे. व्हॉईस मेसेज टाकला, एका कागदाला ओली हळद चोळा, वाळू दे, मग एका टोकाला आमसुलाचं पाणी आणि दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावा, काय दिसलं ते बोलून पाठवा, लिहायचं नाही. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्यात पण बघा.

रात्री मेसेज यायला लागले. "मॅडम साबण लावला ते लाल झालं, कुंकवासारखं!" "मॅडम आमसुलाने काहीच नाही झालं, पिवळंच." एकीने सांगितलं जास्वंदीच्या पाण्यात साबण घातला तर हिरवट झालं आणि आजी म्हणतेय देवाची फुलं फुकट घालवलीस. एक मुलगा, जो कधीच बोलायचा नाही, त्याने साडेतीन मिनिटांचा मेसेज पाठवला, मागे पाऊस आणि म्हशीची घंटा. त्याने हळदीचा कागद राख कालवलेल्या पाण्यात बुडवला होता, मी सांगितलंच नव्हतं, आणि तो पण लाल झाला, तर राख पण आम्लारी का मॅडम? मी सड्यावर उभी राहून तो मेसेज ऐकला. त्या अख्ख्या वर्षात मला शिक्षक झाल्यासारखं वाटलं ते तेव्हा.

तो मेसेज माझ्या पाठाचा पुरावा म्हणून धरला गेला नाही, कारण त्यात मी दिसत नव्हते.

पायवाट

ताई तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या फळ्याच्या ओळीबद्दल. ओळ वर चढते कारण आपण एका जागी उभं राहून हात लांब करतो. हात नाही, पाय हलवायचे. लिहिता लिहिता ओळीबरोबर चालायचं, आणि खालच्या ओळी लिहिताना वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. आणि आवाजासाठी ओरडायचं नाही, शेवटच्या बाकावरच्या एकाशी बोलायचं, आपोआप सगळ्यांना जातं. तुमच्या दोघी मुलींना पहिल्या दिवशी रिकाम्या वर्गात हे करून घ्या.

मेथडच्या_बाई

आणि माझी एक विनंती, त्यांचा पहिला पाठ चुकू द्या. मध्ये उठू नका.

कोकमसरबत

नमस्कार. मी शिक्षक नाही, मी तेव्हा आठवीत होते, आता कॉलेजला आहे. आईने हा धागा दाखवला म्हणून आयडी काढला. लिहू की नको करत होते.

आम्हाला इतिहासाला एक छात्राध्यापक सर होते, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांना मी कधी पाहिलं नाही, अजूनही नाही. व्हिडिओ कॉल असला तरी मी कॅमेरा बंदच ठेवायचे, कारण घर एका खोलीचं आणि बाबा मुंबईहून परत आलेले, हॉटेलातली नोकरी गेलेली, ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून असायचे. ते स्क्रीनवर दिसायला नको वाटायचं. सर कधी कॅमेरा चालू कर म्हणाले नाहीत. फक्त रोज वहीचा फोटो पाठवायला सांगायचे.

दिवाळीच्या आधी एक दिवस मी फोटो पाठवला आणि त्यांचा मला वेगळा मेसेज आला. "तुझं अक्षर तीन दिवस बदललंय. आधी ओळीवर असायचं, आता ओळ सोडून खाली येतंय. बरी आहेस ना?" त्या तीन दिवसांत घरात काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. मी सरांना पण सगळं नाही सांगितलं. पण त्यांनी आमच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं आणि बाई दुसऱ्या दिवशी मास्क लावून घरी आल्या, दारातच बसल्या, आईशी तासभर बोलल्या.

इथे सगळे म्हणतायत आम्हाला मुलं दिसली नाहीत. आमच्या सरांना मी दिसले होते.

काजूगर

🙏🙏

अबोली_७

काय लिहू बाळा. तुझ्या आईला नमस्कार सांग. बाबा बरे आहेत ना आता?

कोकमसरबत

हो, गावातच काम करतात, आंब्याच्या पॅकिंगला जातात सीझनला. बरे आहेत.

सड्यावरची

@कोकमसरबत तुझी पोस्ट मी आज शाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या त्या परत पहिल्यापासून बघितल्या. बरोबर-चूक न बघता, फक्त अक्षर. दोन मुलांशी उद्या बोलणार आहे.

खाडीपल्याड

सोमवार झाला की. आल्या का मुली?

सड्यावरची

आल्या. चौघं आले, माझ्याकडच्या दोघी. एक संगमेश्वरकडची, एक इथलीच. दोघींच्या फायली नवीन कोऱ्या, कव्हर घातलेल्या.

पहिला दिवस पाठ दिलाच नाही. सकाळी परिपाठाला उभं केलं, मग हजेरीपत्रक हातात दिलं आणि सांगितलं नाव घेताना वर बघायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे. खिचडी वाटायला उभं केलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात पायवाट सरांचं पाय हलवायचं तंत्र करून घेतलं, मी पण त्यांच्याबरोबर लिहिलं, तिघींच्या तीन ओळी फळ्यावर. मग सातवीच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, तपासायच्या नाहीत, नुसत्या वाचा, आणि कोणाचं अक्षर मध्येच बदललंय ते मला सांगा. दोघी अर्धा तास मान खाली घालून बसल्या. संगमेश्वरकडच्या मुलीने एक वही काढून माझ्यासमोर ठेवली, मी आधी काढलेल्या दोनपैकीच एक.

आज इथलीचा पहिला पाठ झाला. सहावी, उष्णता. मी शेवटच्या बाकावर बसले. तिची ओळ वर चढली, टाचण वीस मिनिटांत संपलं, आणि ती थांबली. माझ्या पायात उठायचं आलं होतं. मेथडच्या बाईंची आठवण ठेवून बसून राहिले. वर्ग शांत. मग दुसऱ्या बाकावरच्या एका पोराने हात वर करून विचारलं, बाई, मग चुलीवरच्या टोपाला कान का नसतात, फडकं का घ्यावं लागतं? ती त्याच्याकडे वळली, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, तुझ्या घरी फडकं कसलं घेतात, सुती की दुसरं?

मग तास संपेपर्यंत फडकंच चाललं.

निरीक्षण वहीत काय लिहू ते अजून ठरत नाहीये. रकाने पाचच आहेत. खाली कोरी जागा आहे तिथे त्या पोराचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवलाय.